वीस मीटर

आमच्या मोहल्ल्यात, ब्राह्मणपाऱ्यात, कोणी ना कोणी रोज मले अडवते. "दीदी, दिवाकर भैया आजकल दिखते नहीं. फोटो-वोटो बंद कर दिया क्या?" मी सांगते, गुडघे दुखतात त्याचे. साफ खोटं सांगते. दादाचे गुडघे ठणठणीत आहेत, दुखतात ते माझे. पण खरं काय सांगू बाप्पा रस्त्यात उभं राहून, हातात दुधाची पिशवी धरून? म्हणून एकदाचं सगळं इथे सांगून टाकते.

दिवाकर माझा मोठा भाऊ. चौसष्ट वर्षांचा. मी पूर्णिमा, त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. आमचं घराणं भोसल्यांच्या काळात नागपूरहून इकडे छत्तीसगढात आलं असं बाबा सांगायचे. कोण आलं, कायले आलं, हे त्यांनाही धड माहीत नव्हतं. दादा सिंचाई विभागात ड्राफ्ट्समन होता. पस्तीस वर्षं त्यानं कागदावर कालवे काढले. लग्न नाही केलं. एकदा जमलं होतं, तारीखही निघाली होती, अन् मुलीनं चिठ्ठी पाठवली की मले हा माणूस फार गप्प वाटते. झालं, संपला विषय. माझं सासर भिलाईचं. नवरा गेल्यावर मी इकडे परत आले, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. मी बोलते, तो ऐकते. भिंतीशी बोलल्यासारखं होते कधी कधी, पण सवय झाली.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑफिसनं त्याले अभनपुरच्या पुढं कुठंतरी एका कालव्याचं माप तपासायले पाठवलं. संध्याकाळी घरी आला अन् चपलाही न काढता बोलायले लागला. एक तास बोलला! मी चहाचं आधण उतरवलं अन् समोर बसले. म्हटलं, आता माय, ह्याले झालं तरी काय! तर म्हणे एका गावात तळ्याच्या काठी तीन जुन्या चिंचा अन् एक पिंपळ आहे, अन् त्यावर पानांपेक्षा पक्षी जास्त आहेत. उघड्या चोचीचे करकोचे. ह्या पक्ष्याची चोच मिटली तरी मधे फट राहते, सुपारीच्या अडकित्त्यासारखी. त्या फटीत गोगलगाय धरून तो फोडून खाते. जेठात येतात, चिंचेवर घरटी करतात, पिल्लं मोठी झाली की कार्तिकात निघून जातात.

गावाचं नाव मी सांगणार नाही. दादानं कोणालेही सांगितलं नाही. नाव फुटलं की पुढच्या रविवारी पंधरा कॅमेरेवाले झाडाखाली चिप्स खात उभे राहतात, असं तो म्हणायचा.

त्या गावाचा त्या पक्ष्यांवर जीव आहे. आले तर पाणी येणार, नाही आले तर वर्ष वाया जाणार, असं ते मानतात. झाडाले कोणी दगड मारत नाही. दिवाळीचे फटाके गावाबाहेर खळ्यावर फोडतात. वरातीचा डीजे शिवेवरच बंद होते, मग नवरदेव कितीही मोठ्या घरचा असो. अन् कोणाच्या हातून पक्ष्यांना त्रास झाला तर त्याले डाँड़, म्हणजे दंड. पण पैशाचा नाही. पैसा दिला की माणूस मोकळा होते, असं तिथले पटेल, म्हणजे आपल्याकडचे पाटील, म्हणतात. दंड असा की नारळ घेऊन सगळ्या गावापुढं उभं राहायचं, चुकलो म्हणायचं, अन् पक्षी उडून जाईपर्यंत रोज झाडाखाली राखण करायची. कुत्री हाकलायची, खाली पडलेलं पिल्लू उचलून सांभाळायचं. पटेलांच्या स्वतःच्या जावयाले एका वर्षी असं बसवलं होतं. दादा हे इतक्या कौतुकानं सांगायचा, जसा कायदा त्यानंच केला!

तर तेव्हापासून दर रविवार, अन् रिटायर झाल्यावर आठवड्यातून तीनदा, दादा तिकडे. आधी एक साधा कॅमेरा होता. त्याच्या लेन्सनं जवळ जावं लागायचं अन् पक्षी अस्वस्थ व्हायचे, म्हणून ह्याचा जीव कासावीस. मग थोडा लांबचा लेन्स आला, जुना, कोणाचा तरी वापरलेला. मग दोन वर्षांपूर्वी सहाशे मिलिमीटरचा. तो पाहून मी म्हटलं, "हे काय, दुधवाल्याचा डबा घेऊन आला का?" तो हसला अन् म्हणाला, "लेन्स जेवढा लांबचा, पूर्णे, तेवढा पक्षी निवांत." पावसाळ्यात लेन्सले बुरशी लागते म्हणून तो माझ्या लाडवांच्या मोठ्या डब्यात ठेवायचा, अन् ओल शोषणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या पंडरी बाजारातल्या चपलांच्या दुकानांतून मागून आणायचा. दुकानदार ओळखायले लागले होते. दिवाळीचे लाडू पातेल्यात अन् लेन्स डब्यात, असा आमचा संसार.

पण खरं सांगू का, गोष्ट कॅमेऱ्याची नव्हतीच. गोष्ट त्या गावाची होती. पहिल्या वर्षी गावानं त्याले झाडाजवळ उभं राहू दिलं नाही. मग बिसाहू म्हणून एक राऊत आहे, म्हशी पाळते, त्याचं घर चिंचेच्या बुडाशीच. तो पटेलांसमोर उभा राहिला अन् म्हणाला, "ये मोर जिम्मा हे." ह्याची जबाबदारी माझी. तेव्हापासून दादा बिसाहूच्या अंगणात. खाटेवर बसायचा, त्यांच्यासोबत बोरे-बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला भात, खायचा, म्हैस व्यायली तर खरवस डब्यात घेऊन यायचा. लहानमोठे सगळे त्याले 'कका' म्हणायचे. दर वर्षी तो गावातल्या एकेका घराचे फोटो काढून, छापून, काचेत बसवून द्यायचा. आज त्या गावात म्हातारं माणूस मेलं की भिंतीवर जो फोटो लागते तो दादाचा. छेरछेऱ्याले, त्यांच्या पौषातल्या सणाले, नव्या धानाचा त्याचा वाटा बाजूले काढून ठेवायचे. मी चिडवायची, "दादा, सासरच आहे तुझं ते." लाजायचा! साठी उलटलेला माणूस कानापर्यंत लाल व्हायचा.

ब्राह्मणपाऱ्यात तो राहायचा, इतकंच. माणूस तिथला झाला होता. ज्याच्याजवळ बायको नाही, पोट्टं नाही, ऑफिस सुटलं, त्याच्याजवळ दुसरं काय होतं? ते एक गाव होतं. अन् ते आम्ही घालवलं. 'आम्ही' म्हणते मी, दादा नाही म्हणत.

ड्रोनचं खूळ माझं. हो, माझं! सौमित्र म्हणून फोटोवाल्यांच्या गटातला एक पोट्टा आहे, चांगला आहे, त्यानं नवा ड्रोन घेतला अन् जुना विकायचं ठरवलं. घरी दाखवायले आणला होता. त्याच्या फोनवर मी महानदी पाहिली वरून, घार पाहते तशी. माझा तर जीवच अडकला त्यात. दादाचे अकरा वर्षांचे फोटो मी पाहिले होते, पण खालून काय दिसते? पोटं अन् पाय. घरट्यात काय आहे ते कधी दिसलंच नाही. मले पिल्लं पाहायची होती. मी म्हटलं, "दादा, घे ना हे. थंडीत आपल्या मराठी मंडळात तुझं प्रदर्शन आहे, लोकांनाही दिसेल."

"पक्ष्यांच्या डोक्यावर काही उडवत नाहीत, पूर्णे. त्यांना घार वाटते."

"घार कुठं भुणभुण करते?"

"काहून मागं लागून राहिली तू?"

लागलेच मागं. महिनाभर लागले. जेवताना, भाजी निवडताना, गुडघ्याले तेल चोळताना. शेवटी त्यानं वाचायले सुरुवात केली. किती उंचीवरून पक्षी बिचकत नाहीत, कोणत्या वेळी जायचं, किती वेळ थांबायचं, सगळं वहीत लिहिलं, त्याच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात. ऐंशी मीटरच्या खाली झाडांवर जायचं नाही, असं ठरवलं. मग गावात जाऊन पटेलांना विचारलं. त्यांनी यंत्र हातात घेऊन पाहिलं, दोन पेरूंएवढंही वजन नव्हतं त्याचं, अन् म्हणाले, "कका, तोला जइसन बने लागय." तुले ठीक वाटते तसं कर. इतका भरवसा!

घरच्या गच्चीवरून उडवता येत नाही, विमानतळ जवळ आहे, परवानगी लागते. म्हणून दादा अभनपुरच्या रस्त्यावर एका ओळखीच्या माणसाच्या पडीक शेतात सराव करायले जायचा. दोन महिने गेला. आता एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळं तिथंच आहे. ह्या यंत्राचा अन् हातातल्या रिमोटचा संपर्क तुटला तर ते आपोआप परत येते. ठरवून दिलेल्या उंचीवर चढते, अन् तिथून नाकासमोर सरळ, जिथून उडालं तिथं. मधे काय आहे ते पाहत नाही. नव्या यंत्रांना समोरचं दिसते म्हणे, ह्या जुन्याले दिसत नव्हतं. ती परतीची उंची आपण सांगायची असते. शेतात वर वारा फार, हलकं यंत्र वाहून जायचं, म्हणून दादानं ती वीस मीटर ठेवली. त्या शेतात सगळ्यात उंच काय, तर एक बाभूळ. वीस मीटर खूप झाले.

गावातल्या चिंचा पंचवीस मीटरच्या आहेत.

वहीत सगळं होतं. बॅटरी, पाती, वारा, उन्हाची दिशा. परतीची उंची नव्हती. पस्तीस वर्षांत ज्या माणसानं एका नकाशावर एक आकडा सोडला नाही, त्यानं हा सोडला.

पोळ्याच्या आधीचा रविवार होता. चार दिवसांनी ऊन पडलं होतं. दादानं गाडी काढली अन् मलेही घेतलं. मी त्या गावात तिसऱ्यांदाच जात होते. बिसाहूच्या बायकोनं, केंवरानं, गरम चीले, म्हणजे तांदळाची धिरडी, अन् टमाट्याची चटणी केली होती. मी चार खाल्ले. अंगणात खाट टाकली, मी बसले, आजूबाजूले दहा-बारा पोट्टे, बिसाहू, केंवरा, तिची सासू. समोर चिंचा, चिंचांच्या पलीकडे तळं. झाडं पांढरीशुभ्र झालेली पक्ष्यांनी. चोचींचा टकटक आवाज सारखा चालू.

दादानं अंगणातूनच यंत्र उडवलं. सरळ वर, ऐंशी मीटर. एक पक्षी हलला नाही. एक नाही! मग हळूच झाडांवर नेलं अन् रिमोटवरचा पडदा माझ्याकडे केला.

माय गं. काय पाहिलं मी! एकेका फांदीवर टोपल्या ठेवल्यासारखी घरटी, अन् त्यात पिल्लं. करडी, फुगलेली, माना लांब करून वर पाहणारी. कुठं दोन, कुठं चार. एक मोठा पक्षी पंख पसरून उभा होता, पिल्लांवर सावली धरून. ऊन फिरलं तसा तोही फिरला. मी ओरडले, "दादा, सावली करून राहिला तो!" केंवराची सासू पडद्याले हात लावून नमस्कार करायले लागली. बिसाहू जन्मभर त्या झाडाखाली झोपला, त्यानंही हे पाहिलं नव्हतं. तो नुसता दादाकडे पाहत होता. दादाच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लहानपणापासून कधी पाहिलं नव्हतं.

तिथं थांबायचं होतं. तिथं मी तोंड मिटायचं होतं. पण माझी जीभ!

मी म्हटलं, "दादा, तळ्यावरून घे ना एक. पाण्यात झाडं दिसतील."

त्यानं यंत्र झाडांवरून पलीकडे नेलं, तळ्यावर, अन् वळवलं. पडद्यावर झाडं समोरून आली. अर्धी पाण्यात, अर्धी पाण्याबाहेर.

"थोडं खाली घे. पूर्ण नाही येऊन राहिलं."

त्यानं खाली घेतलं.

"अजून थोडं."

अजून घेतलं. सुंदर दिसलं, काय सांगू, सगळं झाड पाण्यात उलटं, पक्ष्यांसकट. अन् चित्र थिजलं. मग पडदा करडा झाला. यंत्र तिकडे तळ्यावर खाली, आम्ही इकडे, अन् मधे चार दाट झाडं. संपर्क तुटला होता. मले वाटलं बॅटरी गेली असेल. मी म्हटलं, "काय झालं रे?"

दादा म्हणाला, "उंची."

एवढंच. अन् धावला. रिमोट टाकून झाडांकडे धावला, दोन्ही हात वर करून, जसा एखाद्या गाडीले थांबवायले जाते माणूस. मले काही समजलं नाही. त्याले सगळं समजलं होतं. पलीकडून भुणभुण वाढत आली, अन् मधल्या चिंचेत घुसली.

पाती तुटल्याचा आवाज आला, मग फांद्यांमधून काहीतरी आपटत खाली येण्याचा, अन् मग सगळेच्या सगळे पक्षी एकदम उडाले. चारही झाडांचे. ओरडले नाहीत, हे पक्षी ओरडत नाहीत फारसे. नुसता पंखांचा आवाज. अंगणात अंधारून आलं. उडताना पायांनी त्यांची स्वतःचीच घरटी उधळली. काड्या पडल्या, अन् काड्यांसोबत पिल्लं. पंचवीस मीटरवरून. पडताना आवाज येते त्यांचा, तो मी लिहू शकत नाही.

जी पडली त्यांची एक गोष्ट. पण जी वर राहिली त्यांचे मायबाप परत यायले तयार होईनात. आभाळात फिरत राहिले, खाली उतरत नव्हते. अन् मग कावळे आले. उघड्या घरट्यांमधे एकेक करून उतरले. बिसाहू डबे वाजवत होता, पोट्टे ओरडत होते, पण आवाज केला की करकोचे अजून लांब जात. डबे वाजवावे तर करकोचे जातात, नाही वाजवावे तर कावळे येतात. केंवरा मधेच काठी टाकून खाली बसली अन् रडायले लागली. सगळं गाव आलं. कुत्री हाकलली. दादा चिखलात गुडघ्यांवर बसून पिल्लं सदऱ्यात गोळा करत होता. सत्तावीस मेलेली. मी नाही मोजली, त्यानं मोजली. नऊ जिवंत होती, त्यातली दुसऱ्या दिवसापर्यंत दोन राहिली. ड्रोन दहा फुटांवर पडला होता, त्याच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. पोट्टेही त्याले हात लावत नव्हते.

मले वाटलं आता शिव्या देतील, मारतील. पण नाही. पटेल आले, झाडाकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं अन् म्हणाले, "अंधार होण्याआधी निघा. रस्ता खराब आहे." हिंदीत म्हणाले. दादाशी ते आजवर कधी हिंदीत बोलले नव्हते.

तीन दिवसांनी गावाची बैठक होती. निरोप आला नव्हता आम्हाले, दादाले त्या बाजूच्या एका दूधवाल्याकडून समजलं, पिल्लांचंही त्यानंच सांगितलं. सकाळी उठून आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसला. बाबा गेले तेव्हा नेसला होता, त्यानंतर तेव्हाच. नारळ घेतला. एका पिशवीत दोन कपडे, चादर, ब्लडप्रेशरच्या गोळ्या. मी विचारलं, "हे कायले?" तर म्हणाला, "राखण करायची ना आता. कार्तिकापर्यंत तिथंच राहीन. बिसाहूच्या गोठ्यात जागा आहे." तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवला तो. जाताना गाडीत म्हणाला, "दोन पिल्लं वाचली आहेत, पूर्णे. त्यांना गोगलगायी फोडून द्याव्या लागतील." मले वाटलं, चला, ह्यातून निघेल माणूस. शिक्षा भोगली की निघेल.

गावाच्या मधोमध गुड़ी आहे, बैठकीचा ओटा. सगळे जमिनीवर बसलेले. आम्ही गेलो तसं कोणीतरी उठलं अन् पटेलांच्या घरून दोन खुर्च्या आणल्या, प्लास्टिकच्या, पुसून. दादा अकरा वर्षं त्या ओट्यावर मांडी घालून बसला होता. तो खुर्चीवर बसला नाही. नारळ धरून उभा राहिला.

पटेलांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. बिसाहूले उभं केलं. "जिम्मा बिसाहू के रिहिस," म्हणाले. ह्या माणसाची जबाबदारी बिसाहूनं घेतली होती, म्हणून दंड बिसाहूले. बिसाहू उठला. त्याच्याजवळ नारळ तयार होता. म्हणजे त्यांचं आधीच ठरलं होतं. त्यानं गावापुढं डोकं टेकवलं, चुकलो म्हणाला, अन् परत जाऊन बसला. दादाकडे न पाहता.

दादा पुढं झाला. माझा हा मुखदुर्बळ भाऊ, ज्याच्यामुळं एक सोयरीक मोडली, तो चारशे माणसांपुढं बोलायले लागला. अर्धं हिंदीत, अर्धं छत्तीसगढीत. चूक माझी आहे. उंची मी विसरलो. बिसाहूचा ह्यात काही दोष नाही. मले डाँड़ द्या. मी इथंच राहतो, रात्रंदिवस झाडाखाली बसतो, दोन महिने, चार महिने, म्हणाल तितके. बोलता बोलता तो पटेलांच्या पायाशी वाकला. मी उठून म्हणायले पाहिजे होतं की खाली घे असं मी म्हटलं होतं, ही माझी करणी आहे. माझं तोंड उघडलं नाही. एरवी थांबत नाही माझं तोंड, अन् तेव्हा उघडलं नाही!

पटेलांनी त्याले घाईघाईनं उठवलं. रागानं नाही हो. रागानं असतं तर बरं झालं असतं. दोन्ही हात धरून उठवलं, अन् हात जोडून म्हणाले,

"डाँड़ तो गाँव के मनखे ला परथे, साहब. आप मन तो पहुना आव."

दंड गावच्या माणसाले पडते, साहेब. तुम्ही तर पाहुणे.

दादाचा हात तसाच राहिला, नारळ पुढं केलेला. कोणी घेतला नाही. मग बैठक दुसऱ्या विषयावर गेली, हँडपंपाच्या. लोक पंपाबद्दल बोलायले लागले अन् आम्ही उभे.

निघताना केंवरा गाडीपाशी आली. माझ्या पिशवीत बरबटीच्या शेंगा घातल्या, दोन दोडके घातले, अन् दादाच्या हातून नारळ घेऊन तोही वरून पिशवीत ठेवला. "पहुना ला जुच्छा हाथ नइ भेजन, दीदी." पाहुण्याले रिकाम्या हाती पाठवत नाही. तिचे डोळे रडून सुजलेले होते अन् आवाज इतका गोड की मले वाटलं हिनं माझ्या थोबाडीत मारावी.

त्याले नऊ महिने होत आले. सहाशेचा लेन्स डब्यात आहे. त्याले बुरशी लागली असेल, मी उघडून पाहिलं नाही अन् तो पाहत नाही. मंडळाचं प्रदर्शन झालं नाही. सौमित्र दोनदा आला, बसला, चहा पिऊन गेला. ड्रोनमधलं चित्रांचं कार्ड दादाजवळ आहे की तिथंच राहिलं, मी विचारलं नाही. छेरछेऱ्याले धान आलं नाही. मी त्याले म्हटलं होतं एकदा, "माझ्यामुळं झालं रे." तो म्हणाला, "रिमोट माझ्या हातात होता." त्यानं चिडावं, ताट फेकावं, मले घराबाहेर काढावं, काहीतरी करावं! तो उठते, दाढी करते, पेपर वाचते, जेवते. संध्याकाळी दारात उभा राहते, थोड्या वेळानं आत येते. जिवंत माणूस घरात असून घर इतकं रिकामं असू शकते, हे मले नवरा गेला तेव्हाही समजलं नव्हतं.

आता जेठ लागला. काल दुपारी मले राहवलं नाही. दादा झोपला आहे असं पाहून मी केंवराले फोन लावला. तिनं उचलला. किती बोलली! माझे गुडघे विचारले, इकडची गरमी विचारली, नव्या रेडकाचं सांगितलं, आंबे कसे निघाले ते सांगितलं. मग मी विचारलं, "चिरई मन आइन का?" पक्षी आले का?

तिच्या मागं काहीतरी टकटक वाजत होतं, म्हणजे मले तसं वाटलं, भांडी असतील, काय माहीत. मग म्हणाली, "सब बने हे, दीदी." सगळं ठीक आहे. अन् म्हैस सुटली म्हणून फोन ठेवला.

मागं वळले तर दादा दारात उभा.

"काय म्हणाली?"

"सगळं ठीक आहे म्हणाली."

"अन् पक्षी? आले?"

"सांगितलं नाही तिनं."

त्यानं मान हलवली. खुंटीवरचा टॉवेल घेतला, तोंड पुसलं, पुन्हा नीट घडी करून ठेवला.

"आपल्याले कायले सांगतील, पूर्णे?" तो म्हणाला. "आपण बाहेरची माणसं."